आनंदा गावंडचा सोरा

आनंदा गावंड उलव्यातल्या एका अर्धवट इमारतीवर वॉचमन होता. निळा शर्ट, खांद्यावर एजन्सीचा बिल्ला आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची. सिमेंटचे ट्रक आले की फाटक उघडायचं, गेले की लावायचं. तिथल्या इंजिनिअरांना तो कोण, कुठला, याच्याशी देणंघेणं नव्हतं. पण खाडीकाठच्या जुन्या गावांतली म्हातारी माणसं त्याला अजूनही ‘दारूवाल्यांचा आनंदा’ म्हणत. नवखा माणूस ते ऐकून हसायचा. त्याला वाटायचं, घराण्यात कुणीतरी भरपूर पीत असणार. ही दारू वेगळी होती. गावदेवीच्या पालखीपुढं उडणारे बाण, भुईनळे आणि पालखी देवळात शिरताना लोखंडी उखळीत दारू ठासून काढायचे बार, हे सगळं काम पूर्वापार गावंडांच्या घरात होतं.

आनंदाचा आजा चांगा गावंड ती दारू घरीच करायचा, आणि दारूला लागणाऱ्या जिनसाही घरीच. गंधक तेवढा पनवेलच्या बाजारातून यायचा. “आपल्या बंदराला गलबतां लागायची तवा गंधक थेट दर्यावरनं उतरायचा,” असं तो सांगे. कोळसा रुईच्या काड्यांचा, बोटांत धरला की पीठ होणारा. आणि सोरा मातीतून. जुन्या गोठ्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षं गुरांचं मूत जिरलेलं असतं. उन्हाळा आला की तिथं पांढरी बुरशी यावी तसं काहीतरी फुलून येतं. ती माती खरवडायची, पाण्यात भिजवून वरचं पाणी निथळून घ्यायचं, ते आटवायचं आणि गार व्हायला ठेवायचं. तळाशी सुयांसारखे लांब खडे धरले की तो सोरा.

लहानपणी आनंदा आज्याबरोबर गावोगावच्या गोठ्यांत हिंडला होता. लोक आपणहून बोलवायचे, कारण फुकटात भिंत साफ व्हायची. आजा मातीची चिमूट जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, मग थुंकून सांगायचा, “ही नको, खारी हाय,” नाहीतर “भर टोपली.” खाडीकाठच्या मातीत मीठ आणि सोरा एकमेकांत मिसळलेले असतात. मीठ खारट लागतं. सोरा जिभेवर आधी गार लागतो, मग कडवट. एवढी खूण आनंदाला पक्की माहीत होती.

बाकीचं मात्र अर्धवट. टोपल्या त्यानं वाहिल्या, चुलीत लाकडं सारली, पण आज्यानं तपेलं कधी उतरवायचं ते ठरवताना काय पाहिलं, हे त्यानं कधी विचारलं नाही. पुढं आजा गेला. आनंदाचा बाप तयार सोरा विकत आणू लागला. मग परवान्याची कटकट सुरू झाली आणि बापानं एका वर्षी उखळी धुऊन माळ्यावर टाकली. गावदेवीला शहरातून आणलेले फटाके वाजू लागले. त्यानंतर विमानतळाच्या जागेत गावच उठलं. घरं पाडली गेली, माणसं नव्या वसाहतीत गेली. गावंडांची शेती अशी नव्हतीच, बाप दुसऱ्याच्या मिठागरावर मजूर. त्यामुळं गाव उठल्यावर जमिनीच्या मोबदल्यानं ज्यांचं नशीब फळफळलं त्यांत हे घर नव्हतं. आनंदा, बायको रंभा आणि मुलगी प्राची दोन खोल्यांत राहू लागले.

प्राची हुशार होती. पनवेलच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि जोडीनं विमानतळावरच्या नोकरीसाठीचा कोर्स करत होती. आपल्या गावाच्या जागेवर विमानं उतरणार असतील तर निदान तिथं उभं राहून काम तरी करू, असं ती म्हणायची. रंभाला ते बोलणं फार आवडायचं. ती ते शेजारणींना पुन्हा पुन्हा सांगायची.

कॉलेजात इतिहास शिकवायला रुचिरा नावाची प्राध्यापिका होती. मूळची पुण्याची, आता नवीन पनवेलला राहणारी. त्या वर्षी हिवाळ्यात तिनं मुलांना शिरढोणला, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या फडक्यांचं स्मारक दाखवायला नेलं. तिथं एका मुलीनं विचारलं, “मॅडम, बंदुका होत्या हे ठीक. पण त्या काळी बंदुकीची दारू यायची कुठून?”

रुचिरानं पुस्तकातलं सांगितलं. दारू म्हणजे कोळसा, गंधक आणि सोरा. सोऱ्यासाठी युरोपातल्या कंपन्यांनी इथं वखारी थाटल्या, बिहारकडं मातीतून सोरा काढणाऱ्यांच्या जातीच्या जाती होत्या. त्याच मातीतून मीठही निघायचं, म्हणून इंग्रजांचं मीठखातं त्यांच्यावर डोळा ठेवून असायचं. “पण आपल्या भागात कोण करायचं, ते मला माहीत नाही,” ती म्हणाली.

मागून प्राचीनं हात वर केला. “मॅडम, माझे पणजोबा करायचे.”

त्या वाक्यापासून सगळं सुरू झालं.

पुढच्या रविवारी रुचिरा आनंदाच्या घरी आली. रंभानं चहा केला. आनंदा कामावरून नुकताच आला होता, तो शर्ट बदलून समोर बसला. रुचिरानं विचारलं आणि तो सांगत गेला. गोठे, टोपल्या, आज्याची जीभ, सुयांसारखे खडे. इतकं कुणी त्याला कधी विचारलं नव्हतं. प्राची दाराला टेकून ऐकत होती. तिलाही यातलं निम्मं नवीन होतं.

“काका, कॉलेजात प्रदर्शन आहे. पनवेल परिसराचा इतिहास,” रुचिरा म्हणाली. “दारू वगैरे नाही, फक्त मातीतून सोरा कसा काढायचे ते दाखवाल? मुलांना डोळ्यांनी बघायला मिळेल.”

“मॅडम, आमचा आजा करायचा. मी नुस्ता बगलाय.”

“बघितलंय म्हणजे येईल की.”

आनंदानं प्राचीकडं पाहिलं. ती हसत होती. “येईल,” तो म्हणाला.

आता माती शोधायची होती. आज्याच्या वेळचे गोठे राहिले नव्हते. होते तिथं इमारती नाहीतर भराव. आनंदा सुट्टीच्या दिवशी स्कूटर घेऊन गावं पालथी घालू लागला. कुठं गोठ्याचं गॅरेज झालं होतं, कुठं भिंतींना टाइल्स लागल्या होत्या. शेवटी उरणच्या बाजूला शैलेश मोकल नावाच्या ओळखीच्या माणसाच्या जागेत एक जुना गोठा सापडला. गुरं कधीच विकलेली, छप्पर अर्धं बसलेलं, पण भिंती मातीच्या आणि त्यांच्यावर पांढरा थर फुललेला. आनंदाला आजाच उभा दिसला. त्यानं चिमूट जिभेवर ठेवली. खारट होती. पण मागून किंचित गार लागल्यासारखं वाटलं. त्यानं पुन्हा चाखली. मनात इतकी इच्छा होती की ते गार लागणं खरं की मनाचं, हे त्याचं त्यालाच कळेना. त्यानं गोणी भरली.

घरामागच्या पडवीत त्यानं चूल मांडली. रंभा म्हणाली, “आवं, ह्या वयात काय मातीत खेलताय?” पण लाकडं तिनंच आणून दिली. पाणी निथळलं, आटलं, गार झालं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आनंदानं तपेल्यावरचं फडकं काढलं.

तळाशी पांढरे दाणे होते. सुया नव्हत्या. बारीक, चौकोनी दाणे. ज्याच्या बापानं उभं आयुष्य मिठागरात काढलं त्या माणसाला ते काय आहे, हे सांगायची गरज नव्हती. तरी त्यानं एक दाणा तोंडात टाकला. मीठ. निव्वळ मीठ.

तो तिथंच बसून राहिला. दुसरी माती आणायला वेळ नव्हता, आणि आणायची कुठून? तेवढ्यात प्राची तयार होऊन आली. तिनं तपेल्यात डोकावून पाहिलं आणि टाळी वाजवली. “बाबा! झाला की सोरा! चल, मॅडमचे दोन फोन येऊन गेले.”

आनंदानं दाणे बाटलीत भरले.

कॉलेजच्या हॉलमध्ये रुचिरानं मोठा फलक लावला होता. वर आनंदाचं नाव, खाली त्याच्या आज्याचं. चांगा गावंडचं नाव छापलेलं आनंदानं पहिल्यांदा पाहिलं. फोटो नव्हता म्हणून तिथं गोठ्याचं चित्र काढलं होतं. आनंदा फलकापुढं बराच वेळ उभा राहिला. मॅडमला बाजूला घेऊन सांगावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण मॅडम प्राचार्यांना घेऊन समोरूनच येत होती. “हे आनंदाकाका. यांनी स्वतः मातीतून सोरा काढलाय,” तिनं सांगितलं. प्राचार्यांनी हात मिळवला.

मग मुलं जमली. आनंदा बोलू लागला आणि बोलता बोलता त्याला स्वतःलाच विसर पडला. त्यानं माती दाखवली, मडकं दाखवलं, फडकं दाखवलं. बाटली वर धरली आणि म्हणाला, “हा बगा सोरा. आमच्या आज्यानी ह्याचीच दारू केली.”

एका मुलानं मजेनं विचारलं, “काका, पण यानं फुटेल का हो?”

“फुटंल म्हंजे? डोंगर हलंल!”

सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. दोन-तीन जणांनी मोबाइलवर ते टिपलं.

त्यातल्याच एकानं कौतुकानं ते स्टेटसला ठेवलं. तिथून ते कुणी उचललं, कुणी पुढं ढकललं, कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या ग्रुपांवर तो एवढासा तुकडा फिरत होता. बाटली वर धरलेला आनंदा, “हा बगा सोरा”, “डोंगर हलंल”, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं: ‘विमानतळाशेजारी घरच्या घरी स्फोटकं! प्रशासन झोपलंय का?’

पोलीस आले तेव्हा आनंदा साइटवर होता. त्याला घरी आणलं, पडवीतली चूल, तपेलं, मडकी, उरलेली माती आणि बाटली ताब्यात घेतली. पंचांसमोर सगळ्यांना सील लागलं. वसाहतीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. रंभा नुसतं म्हणत होती, “साहेब, त्यांनी काय केलान नाय. साहेब, ती कॉलेजची गोष्ट हाय.”

ठाण्यात उपनिरीक्षक शेळके म्हणून तरुण अधिकारी होते. त्यांनी आनंदाला खुर्ची दिली, पाणी दिलं. बातमी कळताच रुचिराही धावत आली होती. ती टेबलापाशी उभी होती.

“सर, प्रदर्शन मी भरवलं. जबाबदारी माझी,” ती म्हणाली. “आणि यात बेकायदा काय आहे? हाच पदार्थ खत म्हणून दुकानात मिळतो.”

“मग दुकानातून आणायचा होता ना मॅडम,” शेळके म्हणाले. आवाजात राग नव्हता. “हे घरी चूल पेटवून कशाला? तेही विमानतळ इतका जवळ असताना?”

आनंदा इतका वेळ मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, “साहेब, तो सोरा नाय.”

“काय?”

“मीठ हाय. साधा मीठ.”

रुचिरानं चमकून त्याच्याकडं पाहिलं. शेळक्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ लावला. खोलीत आनंदाचाच आवाज घुमला. हा बगा सोरा. आमच्या आज्यानी ह्याचीच दारू केली.

“हे तुम्हीच ना?”

“हो.”

“मग तिथं खोटं बोललात?”

“हो साहेब.”

“मग आता खरं बोलताय कशावरून?”

टेबलावर सील लावलेली बाटली होती. आनंदानं तिच्याकडं बोट केलं. “चाखून बगा. एक दाना. सोरा गार लागतो, मीठ खारा लागतो. तुमी नको, मीच खाऊन दावतो.” आणि त्यानं हात पुढं केला. हवालदारानं झटकन मनगट धरलं.

“पुराव्याला हात लावायचा नाही!”

“आवं पन मीठ हाय!”

शेळक्यांनी हवालदाराला खूण करून हात सोडायला लावला. “आनंदाराव, मला स्वतःला वाटतं तुम्ही खरं बोलताय,” ते म्हणाले. “पण उद्या वरून विचारतील, तपास कसा केलास? मी काय सांगू, आरोपीनं चाटून दाखवलं? नमुना प्रयोगशाळेत जाईल. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या हातात काही नाही.”

आरोपी हा शब्द आनंदानं स्वतःबद्दल पहिल्यांदा ऐकला. गुन्हा नोंदला गेला, हातात नोटीस मिळाली, बोलावलं की यायचं, असं सांगून त्याला घरी सोडलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर रुचिरानं विचारलं, “काका, खरंच मीठ होतं?”

“हो मॅडम.”

“आणि तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“सकाळीच कलला. पन तुमी आज्याचा नाव येवढ्या मोठ्या अक्षरांत लिवलेला...”

रुचिराला त्याच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही. तिचीही कॉलेजात चौकशी सुरू झाली होती. दारूशी संबंधित काही आहे हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, असं प्राचार्य आता म्हणत होते. हॉलमध्ये ज्यांनी हात मिळवला होता तेच.

एजन्सीनं आनंदाला सांगितलं, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नको. त्यानं शर्ट धुऊन, इस्त्री करून परत केला.

त्याचं त्याला तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट पुढं होतं. परीक्षा झाली आणि प्राचीची निवड झाली. विमानतळावर काम घेतलेल्या एका कंपनीत, प्रवाशांना मदत करायच्या विभागात. तिच्याबरोबर कोर्स करणारी शेजारची अनुष्काही निवडली गेली. दोघी मिठाई घेऊन आल्या. रंभानं देवापुढं साखर ठेवली. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती.

अनुष्काची आली. प्राचीची अडकली. तिच्या नावावर काही नव्हतं. पण त्याच पत्त्यावर, त्याच घरात, वडिलांवर स्फोटकांचा गुन्हा.

ज्या दिवशी हे कळलं त्या दुपारी प्राची घरी आली आणि आनंदासमोर बसली. तिनं आवाज चढवला नाही.

“बाबा, मॅडमला तुझं नाव मीच सांगितलं. त्याचं मी कुणाला काही म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण तुला त्या सकाळी माहीत होतं. मी म्हटलं ना तुला, झाला की सोरा? तेव्हा का नाही म्हणालास, नाही झाला? एवढंच बोलायचं होतं.”

आनंदा काय सांगणार? ती टाळी वाजवत होती, म्हणून? ती त्याच्याकडं तसं पहिल्यांदाच बघत होती, म्हणून? तो म्हणाला, “चुकलाच माजा.”

“हो,” प्राची म्हणाली, आणि उठून आत गेली.

त्यानंतर आनंदानं जे करता येईल ते सगळं केलं, आणि त्यातलं काहीच कामी आलं नाही. तो शैलेश मोकलकडं गेला. त्या गोठ्यात कधी खारं पाणी शिरलं होतं का, विचारलं. शैलेश म्हणाला, “शिरला म्हंजे? बांध फुटला तवा उधानाचा पानी गुडघाभर उभा व्हता. तू विचारला असतास तर सांगितला असता.” आनंदा त्याला हातापाया पडून ठाण्यात घेऊन आला. शैलेशनं उधाणाची सगळी हकीकत सांगितली. शेळक्यांनी ऐकून घेतली, लिहूनही घेतली. मग म्हणाले, “चांगलं केलंत. पण पाणी शिरलं म्हणून सोरा नव्हताच, असं मला म्हणता येत नाही. ते प्रयोगशाळाच सांगेल.”

“कदी सांगंल?”

“मी आठवण पाठवलीय. त्यांच्याकडंही ढीग आहे.”

तो कंपनीच्या ऑफिसापुढं जाऊन उभा राहिला. आत सोडलं नाही. फाटकावरचा वॉचमन त्याच्याच वयाचा होता. आनंदानं त्याला सांगितलं, मीही हेच काम करायचो. तो माणूस हळहळला, पाणी पाजलं, पण फाटक काही उघडलं नाही. आनंदालाही ठाऊक होतं की उघडता येणार नाही. इतकी वर्षं त्यानंही कुणासाठी उघडलं नव्हतं.

रुचिरानं वकील पाहून दिला, ओळखीच्या माणसांना फोन केले, एका वर्तमानपत्राकडं खुलासा पाठवला. खुलासा छापून आला, आतल्या पानावर, चार ओळी. तो कुणी पुढं पाठवला नाही. जुना व्हिडिओ मात्र अधूनमधून कुठल्यातरी ग्रुपवर पुन्हा उगवायचा. एकदा रंभा भाजी घ्यायला गेली तर भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच दाखवत होता. त्याला ही कोण ते माहीत नव्हतं. ती भाजी न घेताच परत आली आणि घरी मात्र म्हणाली, चांगली नव्हती.

पावसाळा लागला. कंपनीनं एकदा फोन करून विचारलं, तुमचं प्रकरण मिटलं का? प्राची म्हणाली, मिटेल. पुन्हा फोन आला तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली की आम्हाला आणखी थांबता येणार नाही, पुढच्या भरतीला जरूर अर्ज करा. प्राची “हो, थँक्यू मॅडम” म्हणाली, फोन ठेवला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. बाहेर पाऊस नव्हता. कपडे अजून ओलेच होते. ती ते तसेच घेऊन आत आली.

गणपतीनंतर शेळक्यांनी बोलावणं पाठवलं. आनंदा आणि रुचिरा दोघंही गेले. रिपोर्ट आला होता. शेळके त्याला समोर बसवून मोठ्यानं म्हणाले, “आनंदाराव, सुटलात. मीठ निघालं. स्फोटक म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. आता मी बंद करायचा अहवाल पाठवतो, थोडे दिवस जातील, पण चिंता करू नका.”

रुचिरानं मोठा श्वास सोडला. “सर, हेच पहिल्या दिवशी...” असं म्हणता म्हणता ती थांबली. म्हणून उपयोग नव्हता, आणि शेळक्यांचा चेहराही फार आनंदी नव्हता.

आनंदा मात्र उठला नाही. तो टेबलाच्या कडेला हात धरून बसला होता.

“साहेब,” त्यानं हळूच विचारलं, “थोडासा तरी?”

“काय थोडासा?”

“सोरा. थोडासा तरी निघाला का त्यात?”

शेळके त्याच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना, अशा नजरेनं. “घरी जा,” ते म्हणाले. “आणि हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारू नका.”

बाहेर आल्यावर रुचिरा त्याला म्हणाली, “काका, निघाला असता तर तुमचं काय झालं असतं, कळतंय ना?”

“कलतंय.”

“मग?”

“आज्याला यायचा तो मना नाय येत, येवढाच पक्का जाला ना मॅडम,” आनंदा म्हणाला. “आनि आता कुनालाच नाय येत.”

रुचिरानं त्याला रिक्षापर्यंत सोडलं. ती पुढं कॉलेजात राहिली, पण प्रदर्शनं भरवायचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्यांकडं दिलं गेलं. आनंदाच्या घरी ती दिवाळीत एकदा येऊन गेली. प्राचीनं तिला चहा दिला, अभ्यासाची चौकशी झाली, पुढं एम.ए. कर, असं रुचिरा म्हणाली. सोऱ्याचा विषय कुणीच काढला नाही.

एजन्सीनं आनंदाच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. आनंदाला एका गोडाउनवर अधूनमधून बदलीचं काम मिळू लागलं. प्राचीला नवीन पनवेलला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर नोकरी लागली. सकाळी लवकर जावं लागायचं, कारण लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात. बस वेळेवर नसायची म्हणून आनंदा तिला स्कूटरवरून सोडायला जायचा.

एका सकाळी ती दोघं निघत असताना नाक्यावर अनुष्का उभी होती. गडद निळा कोट, गळ्यात रुमाल, केस घट्ट बांधलेले. कंपनीच्या गाडीची वाट बघत होती. तिनं दुरूनच हात केला. “काका! प्राची, संध्याकाळी ये ना घरी!”

“येते,” प्राची म्हणाली. “छान दिसतेस.”

ते तिनं मनापासून म्हटलं होतं, हे आनंदाला कळलं. त्याला त्यानंच जास्त लागलं. त्यानं स्कूटर पुढं काढली. मोठ्या रस्त्याला लागताच समोर भरावाची माती घेऊन चाललेला डंपर आडवा उभा होता, त्याच्या पुढं आणखी एक. मागं गाड्या साचू लागल्या. धूळ इतकी की पलीकडचं काही दिसेना.

“बाबा, हॉर्न वाजव ना,” मागून प्राची म्हणाली. “लोक थांबले असतील तिकडं.”

आनंदानं हॉर्न वाजवला. डंपरवाल्यानं खिडकीतून मागं पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. आनंदानं पुन्हा वाजवला. मग त्यानं स्कूटर बंद केली, पाय जमिनीला टेकले, आणि दोघं तिथंच थांबून राहिले.